भरतीच्या रेषेवरचं घर

लाँचमधून उतरणारा प्रत्येक परका माणूस आधी त्या घराकडे बोट दाखवतो. किनाऱ्यावर, जिथे भरती आपलं शेवाळ टाकून मागे फिरते नेमकं तिथे, एकटं आणि थोडं कललेलं ते घर उभं आहे. "इथे कुणी घर बांधलं हो? डोकं ठिकाणावर होतं ना?" असं विचारतात. मी म्हणते, "बांधलं नाही. वर न्यायचं होतं, राहून गेलं." ते हसतात, फोटो काढतात आणि चर्च बघायला टेकडी चढू लागतात. चर्च दाखवायला मलाच जावं लागतं, म्हणून मीही धापा टाकत त्यांच्यामागून चढते.

घर एरास्मो चिग्वाय यांचं. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. आधी मी त्यांना काका म्हणायची, मग अकरा वर्षं त्यांचं नावसुद्धा तोंडातून काढलं नाही, आणि मग पुन्हा काका म्हणू लागले. ती मधली अकरा वर्षं त्यांनी त्या घरात एकट्याने काढली. ती काढायला लावणारी मी होते, त्यामुळे सांगायचंही मलाच हवं.

आमच्या लिंकाय बेटावर फादर वर्षातून दोनदा येतात, तेही समुद्राची मर्जी असेल तर. माणसं काही त्यांच्यासाठी जन्मायची किंवा मरायची थांबत नाहीत. म्हणून आमच्या या बेटांवर जागोजागी एक फिस्काल असतो. तो आपल्यातलाच, कुणी सुतार, कुणी मासेमार. चर्चची किल्ली त्याच्याकडे. रविवारची प्रार्थना तो चालवतो, कुणी गेलं की नऊ दिवस त्या घरी जाऊन बसतो, आणि नवं जन्मलेलं मूल तग धरत नाही असं दिसलं तर घाईचा बाप्तिस्माही तोच देतो. काका आमचे फिस्काल होते. धंद्याने सुतार, वल्ही करायचे. उंचेपुरे होते, आणि आवाज असा की त्यांनी प्रार्थना सुरू केली की खालच्या किनाऱ्यावरची कुत्री गप्प बसायची.

त्यांची खोड एकच. त्यांना चूक सहन व्हायची नाही, म्हणजे दुसऱ्याची.

माझ्या नवऱ्याची, आब्दोनची, एक आत्या होती, फेलिसिंदा. सुईणपण करायची. माझं लग्न झालं त्या वर्षी तिने एका अशक्त बाळावर घाईघाईत पाणी घातलं आणि घाबरून 'पिता, पुत्र आणि मारिया माय यांच्या नावाने' असं म्हणाली. पवित्र आत्मा राहूनच गेला. ते मूल जगलं, आज दारू पिऊन सगळ्या बेटाला ताप देतं, तो भाग वेगळा. पण काकांच्या कानावर गेलं आणि रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी म्हातारीला उभं केलं.

"देवाच्या कामात लुडबूड!" ते गरजले. "आजपासून माझ्याशिवाय कुणी पाण्याला हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. मला बोलवा. वादळ असो, काही असो, मी येईन."

घाईच्या वेळी कुणीही पाणी घातलं तरी चालतं, अगदी बाईने घातलं तरी, हे फादरांनी आम्हाला कितीदा सांगितलं होतं. पण फादर वर्षातून दोनदा येणार आणि काका रोज समोर. आम्ही कानाला खडा लावला. आणि काका बोलावल्यावर येतही होते, हे कबूल करायला हवं. पावसापाण्यात, ताप अंगावर घेऊन यायचे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको गेली तेव्हा ते पन्नाशीचे असतील. त्यांचं घर शेजारच्या लहान बेटावर होतं. ओहोटीला मधला वाळूचा दांडा उघडा पडतो, तेव्हा पायी जाता येतं. भरतीला होडी लागते. ते म्हणू लागले, "माझं घर चर्चच्या शेजारी हवं. हाक आली की निघालो." घर हलवायचं म्हणजे आमच्याकडे नवल नाही. जागा आवडेनाशी झाली, भावाशी भांडण झालं, भूत दिसलं, की घर हलवायचं. ओंडक्यांवरून बैलांनी पाण्यापर्यंत ओढायचं, उधाणाच्या भरतीला तरंगवायचं, होड्यांनी खेचून न्यायचं आणि पुन्हा बैल लावून वर चढवायचं. सगळ्या बेटाने हात लावायचा आणि घरधन्याने पोटभर जेवण घालायचं, ही रीत.

मोठ्या भूकंपानंतरच्या चौथ्या मार्चमध्ये उधाण आलं. घर निघायचा दिवस ठरला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, सातवा संपत आलेला. पोटातल्या बाळाच्या नावावरून घरात नुसती धुसफूस चाललेली. मुलगी झाली तर तिला आपल्या आईचं नाव ठेवायचं, सेनोबिया, असं आब्दोनच्या मनात होतं. ती आदल्याच हिवाळ्यात वारली होती. चार वर्षांत माझं तिच्याशी एकदाही पटलं नाही. माझ्या हातच्या बटाट्याच्या भाकऱ्यांना ती दगड म्हणायची आणि वर पाहुण्यांना म्हणायची, "दात सांभाळून हं." मी आब्दोनला बजावलं होतं, "त्या बाईच्या नावाने मी माझ्या पोरीला हाक मारणार नाही. जन्मात नाही." आब्दोन मुळातच मितभाषी. पण त्याला ते लागलं होतं.

घर निघायच्या दिवशीच पहाटे मला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. मूठभर, निळसर, रडली तीही मांजराच्या पिलाएवढी. फेलिसिंदा आत्याने तिला लोकरीत गुंडाळून माझ्या छातीवर ठेवलं आणि आब्दोनला म्हणाली, "धाव. एरास्मोला आण."

ओहोटी होती, दांडा उघडा होता. आब्दोन धावतच पलीकडे पोचला. तिथे घर पाण्याच्या कडेला येऊन बसलेलं, दोर बांधले जात होते, नऊ होड्या तयार होत्या आणि मधोमध काका उभे राहून हुकूम सोडत होते. पुढचं सगळं आब्दोनने मला नंतर सांगितलं, एकदाच.

"काका, चला. पोर जातेय."

"श्वास घेतेय?"

"घेतेय. पण..."

"मग काढेल अजून दोन-तीन तास. अरे, ही भरती चुकली तर असं उधाण पुन्हा महिनाभर नाही. एवढी माणसं, एवढ्या होड्या खोळंबवू का? तू हो पुढे. मी घरासकटच येतो."

आब्दोनने पुन्हा सांगितलं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोराच्या गाठीकडे वळले. दांड्यावरून अर्धा तास चालून यायचं होतं, एवढंच. आब्दोन गुडघाभर पाण्यातून एकटाच परत आला. घरात टेकलासुद्धा नाही. काका उतरताक्षणी त्यांना ओढत आणायला खाली किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला.

माझ्या खिडकीतून समुद्र दिसायचा. दुपारी ते घर पाण्यावरून येताना मी पाहिलं. दारात काका उभे, डोक्यावर टोपी, हात हवेत. किनाऱ्यावर माणसं ओरडत होती, टोप्या उडवत होती. माझ्या छातीवर पोरीचा श्वास थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

"आत्या, तूच घाल पाणी," मी म्हणाले.

"मी? नको गं बाई. त्या दिवशी माझं थोबाड रंगवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं त्याने. आणि पुन्हा चुकले म्हणजे? पोरीचं वाटोळं व्हायचं." आणि ती डोळे पुसत ओसरीवर गेली, कुणी वर येतंय का बघायला.

उशाशी किटली होती, मला प्यायला ठेवलेली. पाणी कोमट होतं. मी बोटं बुडवली आणि पोरीच्या कपाळावर तीनदा पाणी सोडलं. शब्द मला येत होते, चुकले नाही. बाप्तिस्म्यात नाव घ्यावं लागतं, तेही घेतलं. पोरीने तोंड वाकडं केलं, पाणी आवडलं नसावं. मग थोड्या वेळाने तिचा श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

तास गेला असेल. काका आले. कमरेपर्यंत भिजलेले, धापा टाकत, टोपी कुठेतरी पडलेली. मागे आब्दोन. काकांनी पोरीकडे पाहिलं आणि दारातच गुडघ्यांवर बसले.

"कुणी... कुणी पाणी घातलं का, पोरी?"

मी म्हणाले, "नाही. तुम्हीच मनाई केली होती ना."

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. पण त्या क्षणी मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता. तो पडला. आणि मला बरं वाटलं. मुलगी मांडीवर मेलेली आणि मला बरं वाटलं, हे मी कुणापासून लपवत नाही आता.

किनाऱ्यावर बैल जुंपून तयार होते. घर टेकडीवर चढवायचं, मग जेवणं. काका खाली गेले आणि म्हणाले, "सोडा बैल." कुणाला कळेना. "सोडा म्हणतो ना!" मग बैल सुटले. लोकांनी मटणाची पातेली रिकामी केली, कारण सकाळपासून राबलेल्या माणसांना भूक लागतेच. घर राहिलं तिथेच.

बाप्तिस्मा न झालेल्या बाळांची जागा आमच्याकडे दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, झुडपांत. आब्दोनने फळ्या ठोकून पेटी केली आणि दुसऱ्या दिवशी तिला तिथे ठेवलं. मी कुंपणाला धरून उभी होते. तेव्हा तरी बोलायचं! पण बोलले असते तर आब्दोनने विचारलं असतं, काल का नाही बोललीस? त्याला काय उत्तर देणार होते? मी मिठाची गुळणी धरली. सूड काकांवर उगवला आणि त्यापायी माझी स्वतःची मुलगी कुंपणाबाहेर राहिली.

परत आलो तर दाराच्या उंबऱ्यावर चर्चची किल्ली ठेवलेली. काका अंगणातूनच म्हणाले, "माझा हिच्यावर हक्क नाही. तू ठेव." आणि गेले. दुसरा कुणी फिस्काल व्हायला पुढे आला नाही. अशी मी किल्ली सांभाळणारी झाले.

अकरा वर्षं. किनाऱ्यावर टेकलं तेव्हा घराचं दार चर्चकडे तोंड करून होतं. काकांनी ते आतून खिळे ठोकून बंद केलं आणि समुद्राच्या बाजूची खिडकी कापून तिथे दार केलं. मोठ्या उधाणाला पाणी जमिनीच्या फळ्यांपर्यंत यायचं. लोक सांगायला जायचे, "एरास्मो, एक दिवस सगळं घेऊन जाईल हं." ते म्हणायचे, "जाऊ दे." बेटावरची माणसं वाईट नव्हती. त्यांच्या दाराशी बटाटे ठेवून यायची. चार दिवसांनी त्या जागी एक वल्हं टेकवून ठेवलेलं असायचं. बोलणं होत नसे. धुराड्यातून धूर निघाला की आज काका आहेत म्हणायचं.

रविवारी मी चर्च उघडायची, कुणीतरी अडखळत प्रार्थना वाचायचं. काका घरामागे पालथ्या घातलेल्या होडीवर बसायचे, चर्चकडे पाठ करून. ओठ हलायचे. सगळ्या प्रार्थना त्यांना पाठ. थंडीत लोक कुरकुरायचे तरी मी चर्चचं दार सताड उघडं ठेवायची. दया म्हणून नाही. त्यांना ऐकू यावं आणि आत मात्र येता येऊ नये, म्हणून. पुढे पुढे कशासाठी उघडं ठेवते ते माझं मलाच कळेनासं झालं.

दर मार्चमध्ये त्या तारखेला कुंपणाबाहेरच्या मातीवर लाल रानफुलांची जुडी असायची. पहिली दोन वर्षं मी ती उचलून फेकली. तिसऱ्या वर्षी हात धजला नाही. मला पुढे दोन मुलगे झाले, धडधाकट, पण माझा पाय त्या झुडपांकडेच वळायचा. एकदा ओहोटीला शिंपले गोळा करताना काका समोर आले. माझी टोपली जड होती, त्यांनी हात पुढे केला. मी म्हणाले, "वाट सोडा." अकरा वर्षांत आमच्यात एवढंच बोलणं झालं.

मग तो सप्टेंबर आला. उधाण होतंच, त्यात वायव्येचा वारा. दुपारी बारापर्यंत पाणी काकांच्या घराच्या खिडक्यांना लागलं. आम्ही सगळे टेकडीवरून बघत होतो. लाटांत होडी घालायची कुणाची छाती नव्हती. समुद्राकडचं दार फुटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाणी उतरू लागलं आणि आम्हाला आतून ठोकल्याचे आवाज ऐकू आले. ठक, ठक. काका खिळे उपटत होते. चर्चकडचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. आब्दोन आणि चौघेजण खाली धावले, पण काकांनी हाताने त्यांना बाजूला केलं आणि सरळ टेकडी चढू लागले. मी घाईने घरात शिरले, बटाटे किसायला बसले. का ते माहीत नाही. दारावर थाप पडली.

"या. बसा," मी म्हणाले.

"ओला आहे मी. खुर्ची भिजेल तुझी."

"लाकडाची आहे, साखरेची नाही. बसा."

ते बसले. किती म्हातारे झाले होते! बोटं थंडीने वळत नव्हती. मी किटली पुढे केली.

"पोरी, मी क्षमा मागायला आलोय," ते म्हणाले. "आजवर मागितली नाही. वाटायचं, तुझं एवढं नेल्यावर वर आणखी मागायचं कोणत्या तोंडाने?"

"मग आज काय झालं?"

"आज पाणी आत आलं. टेबलावर चढलो. म्हटलं, आला न्यायला. खरं सांगतो, मी त्याचीच वाट बघत तिथे राहिलो होतो. देवाने मला बुडवावं आणि फिटंफाट व्हावी. पाणी टेबलाला लागलं. थांबलं. आणि उतरायला लागलं, रोजच्यासारखं. एल्सिरा, दिवसातून दोनदा भरती येते. अकरा वर्षं दिवसातून दोनदा मी म्हणायचो, आज शिक्षा करणार. आणि दिवसातून दोनदा तो पाणी मागे घ्यायचा. मला कधी दिसलंच नाही ते. मी आपला शिक्षा कधी, शिक्षा कधी म्हणत बसलो." ते हसले. "आणि तुझी पोर. मी समजत होतो, माझ्यामुळे ती बाहेर राहिली. केवढी मिजास! मी गेलो नाही म्हणून देवही जाणार नाही? मी पाण्यावरून मिरवत येत होतो. तो दांड्यावरून पायी गेला असेल, माझ्या आधी, आब्दोनच्याही आधी. त्याने तिला घेतलं असणारच. मला दाखवायला काही नाही. पण मी आता हे धरून बसणार, त्याने कितीही भरत्या आणल्या तरी."

मी किसणी खाली ठेवली. आता मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं. जे मी अकरा वर्षं मुठीत दाबून ठेवलं होतं, त्याच्याशिवायच ते मोकळे झाले होते. मीच तेवढी तिथे बसून होते.

"कोमट होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पाणी. किटलीतलं. मी घातलं होतं, तुम्ही यायच्या आधी. मी खोटं बोलले."

मग त्यांच्यातला फिस्काल बोलला. "शब्द कुठले म्हणालीस?"

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा."

"आत्मा घेतलास?"

"घेतला."

"नाव?"

अकरा वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. वाकून त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"फेलिसिंदापेक्षा बरी आहेस," ते म्हणाले. आणि मग एकदम उठले, भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर असा हात आपटला की फळीवरची ताटली खाली आली. "अकरा वर्षं, एल्सिरा! अकरा!"

"मारा मला," मी म्हणाले.

"मारावंसं वाटतंय. उद्याही वाटेल." त्यांनी ताटली उचलून पुसली, जागेवर ठेवली. "पण आत्ताच टेकडी चढून आलोय, देव माफ करतो असं माझ्याच तोंडाने तुला सांगितलंय. अर्धा तासही झाला नाही. आता मी कुठल्या तोंडाने उतरू?" मग दाराशी जाऊन म्हणाले, "आब्दोनला सांग. आजच. ते काम माझं नाही."

आब्दोनला सांगितलं. त्याने चमचा ठेवला आणि उठून कुंपणाकडे गेला. अंधार पडेपर्यंत आला नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. "मीठ." "दोर कुठे?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मुलीला नाव काय दिलं, हेसुद्धा त्याने विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं मला धाडस होईना. एका छपराखाली राहून मी एकटी पडले. काकांचं घर आतून कसं असेल ते मला तेव्हा कळलं.

एके दिवशी भाकऱ्या घेऊन खाली गेले. काका चर्चकडच्या दाराला बिजागरी बसवत होते. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "दगड आहे हा."

"माझ्या सासूचंही तेच म्हणणं होतं." मी पायरीवर बसले. "काका, तुमची चूक झाली. माझी चूक नव्हती. मी जाणूनबुजून केलं, आणि रोज केलं. अकरा वर्षं रोज. मला कसली आलीय माफी?"

"मग तुझ्यासाठी काय वेगळा देव मागवायचा?" ते खिळे तोंडात धरूनच म्हणाले. "जो आहे तोच आहे. त्याच्यावरच भागवायचं." मग खिळे हातात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मलाही रोज सकाळी पुन्हा नव्याने पटवून घ्यावं लागतं गं. एकदा पटलं आणि झालं, असं नाही होत."

त्यांना घर वर ओढायला लोक तयार होते, पण ते नको म्हणाले. "आता सवय झालीय. चालत येईन." ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते चर्चमध्ये आले. मी किल्ली पुढे केली. ती घेण्याआधी ते लोकांकडे वळले आणि म्हणाले, "पाण्याला हात लावू नका, असं मी सांगितलं होतं. ते मी माझ्या घमेंडीत सांगितलं होतं. आज मी तुम्हा सगळ्यांना शब्द शिकवणार आहे. पाठ झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही." आणि खरंच एकेकाला पुढे बोलावून त्यांनी वदवून घेतलं, बाया, बाप्ये, सगळे. फेलिसिंदा आत्या तेव्हा नव्वदीला टेकलेली. तीनदा म्हणाली आणि तीनदा मारिया मायच आली.

"राहू दे आत्या," काका म्हणाले. "तुझ्यापाशी आत्मा न बोलावताच येईल." चर्चमध्ये हसू फुटलं. आब्दोन हसला नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो. फिस्काल बेटावरच्या गेलेल्या सगळ्यांची नावं वाचतो आणि प्रत्येक नावाला लोक म्हणतात, "देवा, तिच्यावर दया कर," किंवा "त्याच्यावर." काकांनी आदल्या दिवशी मला विचारलं होतं, वाचू का? मी म्हटलं, वाचा.

नावं बरीच असतात. आब्दोन माझ्या शेजारी होता, मध्ये एका माणसाची जागा सोडून. "सेनोबिया," काकांनी वाचलं, आणि आब्दोनने आईसाठी मान खाली घातली. पुढे यादी संपली. काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि लोक उठू लागले तोच म्हणाले, "सेनोबिया."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "झालं की वाचून. म्हातारा विसरायला लागला."

काकांनी ते ऐकलं. थांबले. मग त्या जुन्या आवाजात म्हणाले, "सेनोबिया. आब्दोन आणि एल्सिरा यांची मुलगी. जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी, आईच्या हातून."

मी समोर बघत राहिले. आब्दोन माझ्याकडे बघतोय हे मला कळत होतं, पण मान वळवायची हिंमत नव्हती. मग त्याचा आवाज आला, एकट्याचा, घोगरा: "देवा, तिच्यावर दया कर." त्याच्यामागून सगळं चर्च म्हणालं.

बाहेर पडल्यावर तो माझ्याबरोबर चालू लागला. चर्चचं आवार ओलांडलं.

"आईचं नाव?" मग त्याने विचारलं.

"हो."

"तुझं तर तिच्याशी पटत नव्हतं."

"पोरीशी पटलं असतं," मी म्हणाले.

उतारावर चिखल झाला होता. त्याने माझा हात धरला.